कोथिंबिरीची पहिली दोन पानं

मी नऊ वर्षांची होते त्या हिवाळ्यात बाबांना मोठा ताप आला. पंधरा दिवसांनी उतरला, पण जाताना बाबांच्या नाकातला वास घेऊन गेला.

दुसऱ्या कुणाच्या घरी ही गोष्ट चार दिवस चघळून लोक विसरून गेले असते. आमच्या घरी तसं होण्यासारखं नव्हतं. बाबा आचारी होते. एका मोठ्या वसतिगृहाच्या भटारखान्यात ते मुख्य होते, आणि दोनशे माणसं दोन्ही वेळा त्यांच्या हातचं जेवायची. त्यांच्या नाकाचा लौकिक होता. दूध नासायच्या आधी तासभर त्यांना कळायचं. मागच्या दाराशी भाजीची गाडी थांबली की ते आतूनच ओरडायचे, "बटाट्याचं तळातलं पोतं परत ने रे, एक सडलाय त्यात!" आणि पोतं उलटं केलं की एक सडका बटाटा निघायचाच. चव बघायला ते पळी कधी तोंडाला लावत नसत. पातेल्यावर वाकायचे, एकदा वाफ ओढून घ्यायचे आणि म्हणायचे, "मीठ कमी आहे." मिठाला कुठे वास असतो, असं आईनं एकदा विचारलं, तर म्हणाले, "नसतो. म्हणून तर कळतं."

ताप उतरल्यावर आईनं त्यांच्यासाठी भाज्यांचं सूप केलं. बाबा दोन घोट प्यायले.

"कसं झालंय?" आईनं विचारलं.

"गरम आहे."

"आणि?"

"ओलं आहे."

आई हसली. तिला वाटलं, माणूस बरा झाला, चेष्टा करायला लागला. पण बाबा हसत नव्हते. त्यांनी वाटीत जवळजवळ नाक बुडवलं. मग उठून फळीवरची मिऱ्यांची बरणी उघडली, मग दालचिनीची, मग लसणीची टोपली खाली घेतली. शेवटी रॉकेलची बाटली. मी शाळेतून आले तेव्हा स्वयंपाकघराच्या जमिनीवर सगळ्या बरण्या उघड्या पडल्या होत्या आणि मधोमध बाबा बसले होते.

डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, "याला औषध नाही. वास परत येईलही, न यायचीही शक्यता आहे. रोज चार-पाच ठसठशीत वास घेत जा. एकेक नीट आठवून. नाकाला तालीम समजा. आणि ताज्या पानांचे घ्या, बरणीतल्या जुन्या मसाल्यांचे नकोत."

वसतिगृहाचे व्यवस्थापक भले गृहस्थ होते, पण त्यांच्या डोक्यावर दोनशे पोटं होती. त्यांनी तीन महिन्यांची मुदत दिली. तोवर बाबांच्या हाताखालचा आचारी भटारखाना सांभाळणार होता. तीन महिन्यांत वास आला तर बाबांनी पूर्वीसारखं मुख्य म्हणून यायचं, नाही आला तर ती जागा दुसऱ्याला द्यायची. ज्याला नासलेलं दूध आणि करपलेला कांदा कळत नाही, त्याच्या हाती दोनशे माणसांचं जेवण कसं द्यायचं, हे त्यांचं म्हणणं आम्हालाही खोडून काढता येण्यासारखं नव्हतं.

माझी थोरली आत्या आमच्याच घराच्या वरच्या खोलीत राहायची. तीस वर्षं रोपवाटिकेत काम करून ती घरी बसली होती. 'घरी बसली' असं म्हणायचं एवढंच. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर तिची कुंडी होती आणि जिना चढायचा म्हणजे कसरत असायची. डॉक्टरांचं बोलणं ऐकून ती म्हणाली, "ताजी पानं ना? मग विकत कशाला आणायची? मागे अंगण आहे, थंडी सरत आलीय. चल गं, आपण दोघी लावू."

अंगण म्हणजे स्वयंपाकघराचं दार आणि शेजाऱ्यांची भिंत यांच्यामधली पट्टी. लांबी बारा पावलं, रुंदी माझी पाच. तिथे मोडकी खुर्ची, विटांचा ढीग आणि कपडे वाळत घालायची तार होती. आम्ही विटा रचून चार वाफे आखले. आत्यानं मला एक मूठ माती उचलायला लावली.

"दाब. आता मूठ उघड. गोळा झाला? त्याला बोट लाव. फुटला तर माती पेरायला तयार, चिकटून राहिला तर दोन दिवस थांबायचं."

माझा गोळा काही फुटेना. बाबा दारात उभे राहून बघत होते. ते म्हणाले, "पीठ सैल झालंय. सुकं पीठ घाला थोडं."

"तू गप्प बस," आत्या म्हणाली. "ह्यात तुला काही कळत नाही."

"ताई, मला भाजी शिकवतेस? वीस वर्षं भाजी चिरतोय मी."

"चिरतोयस. तुझी नि भाजीची ओळख होते ती भाजी मेल्यावर. जिवंतपणी भेटलायस का कधी तिला?"

ताप उतरल्यापासून बाबा पहिल्यांदाच मोठ्यानं हसले. म्हणून आत्या त्यांना रोज काहीतरी टोचून बोलू लागली. तिच्याकडचं औषध तेवढंच होतं.

तिनं तिच्या कुंड्यांमधले पुदिन्याचे तुकडे, गवती चहाचा एक ठोंब आणि ओव्याच्या पानाची फांदी वाफ्यात आणून लावली. ती लगेच जगणारी. कोथिंबीर आणि शेपू मात्र बी पेरून करायचे होते. कोथिंबिरीचं बी म्हणजे धणे. अख्खा धणा तसाच पेरला तर उगवायला फार वेळ लावतो, म्हणून तो हलकेच रगडून त्याचे दोन भाग करायचे आणि रात्रभर पाण्यात ठेवायचे. हे रगडायचं काम आत्यानं बाबांना दिलं. "तेवढं तरी येतंय ना?" असं वर म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही पेरलं. बोटाच्या पहिल्या पेराइतकं खोल. पेरून झाल्यावर आत्यानं मला बजावलं, "आता उकरून बघायचं नाही. मुलं काय करतात, रोज उकरून बघतात, उगवलं का म्हणून. तू झोपलीस आणि मी दर तासानं पांघरूण काढून बघितलं तर तुला झोप लागेल का?"

मी उकरलं नाही. दहाव्या दिवशी शेपूनं मान वर काढली, हिरव्या दोऱ्यासारखी. कोथिंबिरीच्या वाफ्यात काही नाही. पंधरा दिवस झाले, अठरा झाले. मी रोज पाणी घालत होते. शेवटी आत्यानंच काडीनं माती उकरली, एक अर्धा धणा तळहातावर घेतला, नाकाशी नेला, आणि वळून बाबांकडे बघितलं.

"हे धणे तू भाजलेस?"

"भाजले नाहीत," बाबा म्हणाले. "जरा शेकले."

"का?"

"रगडून दे म्हणालीस. कच्चे धणे कोण रगडतं? शेकले की पटापट फुटतात."

आत्या विटांवर बसली. "ह्यानं बियाणं शिजवलं! आणि ही पोर अठरा दिवस त्याला पाणी घालतेय. वर झाकण ठेवलं असतं तर एव्हाना जेवायला वाढता आलं असतं."

आईला हसू आवरेना. ती दाराची चौकट धरून हसत राहिली. बाबाही हसत होते. मग एकदम त्यांनी विचारलं, "पण करपले नव्हते ना? बघ ना ताई, वासावरून. मी आवाजावर उतरवले. टपटप वाजायला लागले तेव्हा."

आत्यानं तो धणा पुन्हा नाकाशी नेला. "नाही रे," ती म्हणाली. "छान भाजलेत." त्यानंतर कुणी हसलं नाही.

आम्ही पुन्हा पेरलं, या वेळी धणे आत्यानं स्वतः रगडले. आणि सगळं बी एकदम न टाकता दर दोन आठवड्यांनी एक ओळ पेरायची, म्हणजे एक संपेपर्यंत दुसरी तयार होते, हेही तिनं तेव्हा शिकवलं. नव्या ओळीत कोंब आले तेव्हा मी हिरमुसले. लांबट, गुळगुळीत, जिभेसारखी दोन पानं. एकही कातरलेलं नाही.

"आत्या, हे तर गवत आहे."

"पहिली दोन पानं अशीच असतात. ती बियातली शिदोरी. कातरलेली पानं मागून येतात. एक उपटून चावून बघ."

मी चावलं. एवढासा कोंब, पण तोंडभर कोथिंबीर झाली.

"रूप नंतर येतं," आत्या म्हणाली. "वास पहिल्या दिवसापासून असतो."

बाबांची तालीम मात्र आम्ही पुदिना लावला त्याच दिवशी सुरू केली होती. सकाळी उठल्याबरोबर आणि संध्याकाळी दिवे लागायच्या आधी. मी माझा गळपट्टा त्यांच्या डोळ्यांवर बांधायची. पान त्यांच्या हातात द्यायची, कारण चुरगळल्याशिवाय वास सुटत नाही असं त्यांनीच सांगितलं होतं. ते चुरगळायचे, नाकाशी न्यायचे आणि थांबायचे. मी श्वास रोखून बघत राहायची.

"काही नाही गं, लवंगे."

मी काडीसारखी होते आणि डोकं तेवढं मोठं, म्हणून ते मला लवंग म्हणायचे.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मी रोज फुली मारायची. महिना फुल्यांनी भरला. दुसराही निम्मा भरला. शेपूची पानं आली, दुसऱ्यांदा पेरलेली कोथिंबीर वीतभर झाली, पुदिना तर वाफ्याबाहेर पळायला लागला. माझ्या डोक्यात तेव्हा एक गोष्ट पक्की बसली होती: वास येत नाही म्हणजे पानं कमी पडतायत. एका संध्याकाळी मी आत्याला विचारलं, "मी पाणी जास्त घालते का? म्हणून वास पातळ होतो का? खत वाढवूया का?" बोलता बोलता मला रडू आलं. आत्यानं मला जवळ घेतलं आणि पुष्कळ समजावलं, पण त्या वयात समजूत पटत नाही, फक्त रडू थांबतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांच्या हातात पान ठेवलं. त्यांनी चुरगळलं, नाकाशी नेलं, आणि फार वेळ थांबले.

"पुदिना?" ते म्हणाले.

मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की आत्या जिन्यावरून कुंड्या चुकवत धावत खाली आली. आईच्या हातातलं भांडं पडलं. त्या दिवशी दिनदर्शिकेवर पहिली बरोबरची खूण झाली. दोन दिवसांनी त्यांनी ओव्याचं पान ओळखलं. मग गवती चहा. मग शेपू. तिसऱ्या महिन्याच्या सुरुवातीला पाचही पानं, दोन्ही वेळा, सलग आठ दिवस. शाळेत मी सगळ्यांना सांगत सुटले की आमच्या अंगणातल्या पानांनी बाबांचं नाक बरं झालं. माझे पाय जमिनीवर नव्हते. आईनं व्यवस्थापकांना निरोप पाठवला, आणि सोमवारपासून यायचं ठरलं.

आदल्या शनिवारी आत्या आणि मी कोथिंबिरीच्या सगळ्यात नव्या ओळीची विरळणी करत होतो. दाट उगवलेले कोंब मधून मधून उपटायचे, म्हणजे राहिलेल्यांना वाढायला जागा होते. उपटलेले टाकवेनात म्हणून मी मूठभर कोंब धुतले आणि बाबांकडे गेले. ते पायरीवर बसून त्यांची मोठी सुरी घासत होते.

"बाबा, डोळे मिटा. आज जादा परीक्षा."

"शनिवारी जादा?" ते म्हणाले, पण डोळे मिटून हात पुढे केला.

त्यांनी कोंब बोटांत घेतले. फिरवले. चुरगळले. नाकाशी नेले. मी हसू दाबत होते, कारण हे तर फारच सोपं होतं. माझ्या हातांना, झग्याला, सगळ्या अंगणाला कोथिंबिरीचा घमघमाट सुटला होता.

"गवती चहा," ते म्हणाले. "कोवळा."

मला वाटलं ते चेष्टा करतायत. "पुन्हा बघा."

त्यांनी पुन्हा बोटं फिरवली. कपाळावर आठी आली. "नाही, नाही. शेपू. शेपूचे कोंब."

मी पुदिन्याची चार पानं तोडली. आत गेले. ती दगडावर ठेचली, लगदा चमच्यात घेतला आणि चमचा त्यांच्या नाकाखाली धरला. हातात दिला नाही. डोळे त्यांचे मिटलेलेच होते. त्यांनी हात वर केला, चमच्याची दांडी लागली, आणि हात तसाच थांबला.

त्यांनी डोळे उघडले.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही." मी चमचा खाली ठेवला. "बाबा, एकदासुद्धा येत नव्हता?"

"एकदासुद्धा नाही."

"मग कसं ओळखत होता?"

"पुदिना मागून खरबरीत असतो. ओव्याचं पान जाड, लव असलेलं. गवती चहा बोट कापतो. शेपू म्हणजे नुसते केस. कोथिंबीर पातळ, कडेला कातरलेली." त्यांनी हातातले कोंब बघितले. "ही कोथिंबीर आहे? अशी असते ती आधी?"

मी मान हलवली. "मग का सांगितलंत?"

"तू ताईला विचारत होतीस, खत वाढवू का म्हणून. मी आत दाराशी होतो." ते सुरीची धार अंगठ्यानं बघत राहिले. "एक दिवस म्हणून केलं. तुझं तोंड बघून. दुसऱ्या दिवशी तू उड्या मारत आलीस, मग नाही कसं म्हणू? मग तुझ्या आईनं माझा भटारखान्यातला कोट धुवायला काढला."

"सोमवारी काय करणार तुम्ही?"

"हाताला सवय आहे वीस वर्षांची."

"आणि दूध नासलेलं असलं तर?"

त्यांनी सुरी बाजूला ठेवली. "आईला सांगू नकोस," ते म्हणाले. "मी बघतो काहीतरी."

मी हो म्हटलं. पण रविवारी जेवताना मी ताटातला भात नुसता चिवडत बसले. दुपारी मी झारी घेऊन एकाच जागी पाणी घालत उभी होते, तर आत्या वरून ओरडली, "अगं, तिथे काय मासे सोडायचेत का?" बाबांनी पुन्हा मुख्य आचारी व्हावं असं मला वाटत होतं. त्याच्यासाठीच तर सगळं केलं होतं. आणि डोळे मिटले की मला ती लांब बाकं दिसायची, ताटं पुढे ओढून बसलेली दोनशे माणसं, ज्यांना आपल्या जेवणाचा वास कुणीच घेतलेला नाही हे माहीत नव्हतं.

संध्याकाळी आई कोटाला इस्त्री करत होती. आत्या शेंगा सोलत होती. मी बाबांच्या डोळ्यांवर गळपट्टा बांधला, पाच पानं दिली, त्यांनी पाचही ओळखली.

"मार खूण," आई इस्त्री न थांबवता म्हणाली. "उद्यापासून त्या दिनदर्शिकेला सुट्टी."

मी पेन्सिल घेतली. रविवारच्या चौकोनाशी नेली. मागून इस्त्रीचा आवाज येत होता, शेंगांचा येत होता. मग मी फुली मारली. नेहमीपेक्षा मोठी.

"अगं, चुकलीस," आई म्हणाली. "पाच बरोबर आले ना?"

मी वळले नाही. भिंतीकडे बघत उभी राहिले. मी काही सांगणार नव्हते, बाबांना तसं कबूल केलं होतं. पण ती फुली मला खोडताही येणार नव्हती.

"ती चुकली नाही," बाबा म्हणाले. गळपट्टा सोडून त्यांनी त्याची नीट घडी केली. "मला वास येत नाही. कधीच आला नाही. मी बोटांनी ओळखत होतो."

आत्याच्या हातातली शेंग तशीच राहिली. आईनं इस्त्री उभी करून ठेवली. मला वाटलं ती रडेल. पण आई चिडली की तिचा आवाज उलट खाली जायचा.

"अहो, दोनशे माणसं जेवतात तिथे," ती म्हणाली. "त्यांतली निम्मी माझ्या धाकट्या भावाच्या वयाची पोरं आहेत."

"माहीत आहे."

"माहीत होतं आणि जाणार होतात?"

"जाणार होतो," बाबा म्हणाले. "आज दुपारपर्यंत तरी जाणारच होतो. खोटं कशाला बोलू?"

"आता खोटं कशाला बोलू म्हणे," आत्या पुटपुटली. एरवी यावर कुणीतरी हसलं असतं.

आईनं कोटाची घडी घातली आणि कपाटात ठेवून दिला. मग ती कपाटाला पाठ लावून उभी राहिली. "उद्या जा," ती म्हणाली. "तुम्ही स्वतः सांगा साहेबांना. निरोप मी धाडणार नाही." माझ्याकडे बघून ती म्हणाली, "आणि तिला बरोबर न्या. तिची शाळा दुपारची आहे. फुली तिनं मारलीय, पुढचंही बघू दे."

सकाळी आम्ही दोघं चालत गेलो. बाबा घरच्या सदऱ्यात होते. वाटेत माझा हात त्यांनी सोडला नाही.

भटारखाना मी आधी पाहिला होता, पण तेव्हा बाबा कोटात असायचे. चुलींची रांग, माझ्या उंचीची पातेली, ओल्या फरशीवर टाकलेले गोणपाट. बाबांच्या हाताखालचा आचारी कानाला पेन्सिल अडकवायचा, म्हणून सगळे त्याला पेन्सिल म्हणायचे. तो पंचविशीचा होता. बाबांना बघून तो पळीसकट पुढे आला. "वस्ताद! सुटलो बाबा एकदाचा. या, या."

बाबांनी व्यवस्थापकांना सगळ्यांसमोरच सांगितलं. काही लपवलं नाही, बोटांचंसुद्धा. व्यवस्थापक चष्मा पुसत राहिले. पुसून झाल्यावरही पुसत राहिले.

"मग तुम्हाला मुख्य म्हणून नाही ठेवता येणार मला," ते म्हणाले.

"हो. तेच सांगायला आलो."

"हाताखाली राहाल? चिरायला, निवडायला? तुम्हाला कसं सांगू हे, पण..."

"राहीन," बाबा म्हणाले. एवढंच. मी वर बघितलं. ते चुलींच्या रांगेकडे बघत होते.

पेन्सिल हातातली पळी फिरवत उभा होता. मुख्य होणार म्हणून त्याचा चेहरा फुलायला हवा होता, तो पडला होता. "वस्ताद, एक सांगू? तीन महिने मी रोज तेच करतोय आणि रोज वेगळं होतंय. कांदा कधी उतरवायचा हेच कळत नाही. तुम्ही लांबून नुसतं 'उतरव' म्हणायचात. का, ते कधी कळलंच नाही."

"मलाही सांगता आलं नसतं," बाबा म्हणाले. त्यांनी खुंटीवरचा साधा मळका अंगरखा घातला आणि कांद्याच्या ढिगाशी स्टुलावर बसले. सुरी चालायला लागली. तिचा आवाज मात्र तोच होता.

मोठ्या कढईत कांदा पडला. भटारखान्यात सगळे कामाला लागले. थोड्या वेळानं बाबांची सुरी थांबली.

"आता कसा वास येतोय?" त्यांनी विचारलं.

"कांद्याचा," पेन्सिल म्हणाला.

"कांदाच टाकलायस, दुसरा कशाचा येणार? कसा येतोय ते विचारतोय."

"चांगला येतोय."

"चांगला म्हणजे काय? डोळ्यांत जातोय अजून?"

पेन्सिल कढईवर वाकला. "नाही. आता नाही जात. जरा गोड येतोय."

"गोड कसला? पिकल्या फळासारखा?"

"तसा नाही. कोरडा गोड." तो शब्द शोधत होता, हवेत बोटं हलवत होता. "ऊन लागलेल्या लाकडासारखा."

बाबांनी डोळे मिटले. मला वाटलं, आठवणीत ते लाकूड शोधतायत. "मग ढवळत राहा," ते म्हणाले. "लाकडाचा वास जाऊन साखर तापवल्यासारखा यायला लागला की सांग. आला की लगेच सांग, तिथे थांबायला वेळ नसतो."

पेन्सिल ढवळत राहिला. आम्ही सगळेच कढईकडे बघत होतो, व्यवस्थापकसुद्धा.

"आला!"

"उतरव."

कांदा उतरला. पेन्सिलनं कढईत बघितलं आणि मग बाबांकडे. "वस्ताद, हे आधी का नाही सांगितलंत कधी?"

"आधी सांगावं लागत नव्हतं," बाबा म्हणाले, आणि पुढचा कांदा घेतला.

बाबा पुन्हा कधी मुख्य आचारी झाले नाहीत. वास पुढच्या वर्षांत कधीतरी थोडा थोडा आला, गेला, पण पूर्वीसारखा नाही. मी त्या दिवशी मात्र खूप रडले, बाबा मला शाळेसाठी घरी सोडायला आले त्या वाटेवर, कारण तो कोट कपाटात राहिला होता आणि त्याला मी कारण होते. बाबा मला गप्प करत बसले नाहीत. चालत राहिले.

संध्याकाळी ते कामावरून आले, हातपाय धुतले आणि सरळ अंगणात आले. मी गळपट्टा आणला नव्हता. काय करायचं मला कळत नव्हतं. आत्यानं त्या दिवशी टोमॅटोची रोपं लावली होती, वीतभर उंचीची, आणि एकेकाला काडीचा टेकू देत होती. बाबा तिच्याजवळ उकिडवे बसले. एक पान त्यांनी बोटांत धरलं, तोडलं नाही.

"टोमॅटोच्या पानाला वास असतो?" त्यांनी विचारलं.

"असतो का म्हणजे? उद्यापर्यंत हाताचा जात नाही," आत्या म्हणाली. "इतकी वर्षं काय केलंस?"

"माझ्याकडे टोमॅटो पेटीतून यायचे. पानं नसायची." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हा वास मी कधीच घेतलेला नाही, लवंगे. नाक होतं तेव्हाही नाही. म्हणजे आठवायचा प्रश्नच नाही. तू सांग, कसा आहे?"

मी पान चुरगळलं. बोटं हिरवी पिवळी झाली.

"टोमॅटोसारखाच," मी म्हटलं.

"खरंच?"

मी पुन्हा वास घेतला. टोमॅटोसारखा तो अजिबात नव्हता.

"नाही. कडू आहे. हिरवा कडू. म्हणजे... पितळेची कडी धरून लोंबकळल्यावर हाताला येतो ना, तसा. पण त्यात थोडं..."

"थांबू नकोस," बाबा म्हणाले, आणि मातीत बैठक मारून बसले. "थोडं काय?"